निक्षेप आणि अस्वामिविक्रय : अप्रकाशित चित्रपटसंगीताच्या संग्रहाचा नैतिक प्रश्न

कलाकृतीवर अधिकार कोणाचा, या प्रश्नाची चर्चा साहित्यविचारात बहुधा दोन टोकांभोवती फिरत आली आहे. एका टोकाला निर्मात्याचा हेतू, दुसऱ्या टोकाला आस्वादकाचा हक्क. काफ्काने आपली हस्तलिखिते नष्ट करण्यास सांगितले आणि १९२४ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर माक्स ब्रोडने ती प्रसिद्ध केली, हे या चर्चेतले ठरलेले उदाहरण होय. त्यात काफ्काच्या इच्छेचा विचार होतो, जगाच्या लाभाचाही होतो. ज्याच्या हाती कागद होते त्या ब्रोडचा विचार मात्र केवळ निमित्त म्हणून होतो. प्रत ज्याच्या ताब्यात आहे त्याची म्हणून काही स्वतंत्र नीती असते काय, हा प्रश्न तसाच राहतो. साहित्याच्या क्षेत्रात तो मागे पडणे स्वाभाविक आहे. परंतु जेथे निर्माता आणि मालक एक नसतात, निर्मितीत अनेक हातांचा वाटा असतो आणि जे निर्माण झाले त्यातले बरेचसे प्रकाशनासाठी कधी योजलेलेच नसते, तेथे तो टाळता येत नाही. हॉलिवूडच्या चित्रपटांचे पार्श्वसंगीत आणि त्याच्या अप्रकाशित ध्वनिमुद्रणांचा अनधिकृत संग्रह हे असे क्षेत्र आहे.

१९६६ च्या मार्च महिन्यात बर्नार्ड हरमन 'टॉर्न कर्टन' या चित्रपटाचे संगीत ध्वनिमुद्रित करीत होते. वाद्यवृंदात व्हायोलिने नव्हती. बारा बासऱ्या, सोळा हॉर्न आणि खर्जातल्या पितळी वाद्यांचा मोठा ताफा होता. दिग्दर्शक हिचकॉक यांना हलकेफुलके, लोकप्रिय होईल असे संगीत हवे होते. ते सत्र चालू असताना आले, काही भाग ऐकला आणि काम तेथेच थांबवले. चित्रपटाला पुढे जॉन ॲडिसन यांनी संगीत दिले. हिचकॉक आणि हरमन यांचे १९५५ पासूनचे सहकार्य त्या दिवशी संपले. हरमन यांच्या त्या संगीताचे पुढे जे झाले ते मात्र विचार करण्याजोगे आहे. १९७७ मध्ये एल्मर बर्नस्टीन यांनी ते लंडनच्या वाद्यवृंदाकडून नव्याने ध्वनिमुद्रित करवले. १९९१ मध्ये स्कॉर्सेसी यांच्या 'केप फियर'साठी हरमन यांच्याच जुन्या संगीताचे रूपांतर करताना बर्नस्टीन यांनी त्यात 'टॉर्न कर्टन'चे काही अंश घातले. आणि पुढे त्या चित्रपटाच्या डीव्हीडीवर काही प्रसंग हरमन यांच्या संगीतासह पाहावयास मिळाले. ज्या संगीताला चित्रपटाने नाकारले ते तीन वेगवेगळ्या मार्गांनी परत आले. नाकारलेले म्हणजे मेलेले नव्हे, एवढे यावरून निश्चित होते. परंतु परत आणण्याचा अधिकार कोणाला, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

वरील तीनही मार्ग अधिकृत होते. प्रस्तुत प्रश्न चौथ्या मार्गाचा आहे. वादकांपैकी, तंत्रज्ञांपैकी किंवा स्टुडिओच्या कर्मचाऱ्यांपैकी कोणी फितीची एक प्रत घरी नेतो. संगीतकाराला स्वतःच्या उपयोगासाठी मिळालेली प्रत मित्राकडे जाते, मित्राकडून मित्राच्या मित्राकडे. चित्रपटसृष्टीतल्या लोकांना वाटण्यासाठी काढलेल्या, विक्रीसाठी नसलेल्या तबकड्या बाजारात येतात. लेझर डिस्कवर केवळ संगीताचा जो स्वतंत्र ध्वनिपट्टा दिलेला असे तो उतरवून घेतला जातो. शेवटी कोणीतरी या सामग्रीची नाव-पत्ता नसलेली तबकडी काढतो आणि विकतो. उंच बुटाच्या पोकळीत दारूची बाटली लपवून नेणाऱ्यांवरून जो 'बूटलेग' शब्द आला तो या तबकड्यांना लागला. मराठीत त्यांना चोरट्या ध्वनिमुद्रिका म्हणता येईल. पण 'चोरटी' या विशेषणात निवाडा आधीच येऊन बसतो, आणि येथे तपासावयाचा आहे तो निवाडाच.

या व्यवहाराची तुलना रॉक संगीतातल्या बूटलेगशी करण्याचा प्रघात आहे. १९६९ मध्ये बॉब डिलनच्या अप्रकाशित गाण्यांची 'ग्रेट व्हाइट वंडर' ही अनधिकृत ध्वनिमुद्रिका निघाली, तेथून त्या परंपरेचा आरंभ मानतात. ही तुलना फार दूर नेता येत नाही. डिलनचे एखादे गाणे अप्रकाशित राहिले तरी तो उद्या दुसऱ्या व्यासपीठावर ते गाऊ शकतो. चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासाठी ऐंशी-नव्वद वादक चार-सहा दिवस एकत्र येतात, पडद्यावरच्या प्रतिमेकडे पाहत सेकंदाच्या अंशापर्यंत मोजलेले खंड वाजवतात आणि पांगतात. तो वाद्यवृंद त्या रूपात पुन्हा भरत नाही. जे वाजले ते फितीवर आहे. फितीवर नसेल तर कोठेच नाही.

मग ते अधिकृतपणे का प्रकाशित होत नव्हते? याचे कारण सौंदर्यविषयक असण्यापेक्षा बरेचसे हिशेबी आहे. अमेरिकेतील वादकांच्या संघटनेच्या करारानुसार चित्रपटासाठी वाजवलेले संगीत ध्वनिमुद्रिकेसाठी पुन्हा वापरले तर वादकांना त्याचे वेगळे मानधन द्यावे लागे. तबकडी जितकी लांब, तितकी रक्कम मोठी. परिणामी १९८० आणि १९९० च्या दशकांतील कित्येक अधिकृत ध्वनिमुद्रिका जेमतेम तीस मिनिटांच्या निघाल्या, तर दीड तासाच्या संगीताचा उरलेला भाग स्टुडिओच्या कपाटात राहिला. १९८४ मध्ये निघालेली 'इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम'ची ध्वनिमुद्रिका सुमारे चाळीस मिनिटांची होती. तिची बरीच विस्तारित अधिकृत आवृत्ती २००८ पर्यंत निघाली नाही. मधल्या चोवीस वर्षांत चाहत्यांची भूक चोरट्या तबकड्यांनी भागवली.

संग्राहकाच्या बाजूने पहिला युक्तिवाद येथूनच सुरू होतो. मालकाला विकायचे नाही, श्रोत्याला विकत घ्यायचे आहे. मग कोणाचे काय बुडाले? युक्तिवाद सोपा आहे आणि सोपा आहे म्हणूनच संशयास्पद. ज्या मानधनामुळे प्रकाशन अडले ते वादकांचे होते. चोरट्या तबकडीचा विक्रेता नेमके तेच मानधन चुकवून आपला माल स्वस्तात तयार करतो. कंपनीची हानी शून्य धरली तरी सोळा हॉर्नवादकांच्या हक्काचे काय, हा प्रश्न उरतोच. कलेच्या बड्या मालकांविरुद्ध रसिकाचे बंड असे ज्या कृतीचे वर्णन केले जाते, तिचा प्रत्यक्ष भार रांगेतल्या शेवटच्या माणसावर पडतो, ही गोष्ट या चर्चेत क्वचितच येते.

परंतु नैतिक निवाड्यापूर्वी संग्राहकाच्या हाती नेमकी कोणती वस्तू येते हे ठरवावे लागेल. नेल्सन गुडमन यांनी १९६८ मधील आपल्या ग्रंथात कलांचे दोन वर्ग केले. चित्रकलेत मूळ आणि नक्कल हा भेद निर्णायक असतो; साहित्यात आणि संगीतात तो तसा नसतो, कारण तेथे कृतीची ओळख लेखनसंकेतांनी ठरते. शब्द बिनचूक असतील तर कवितेची प्रत्येक प्रत ही कविताच असते. स्वरलेखाबरहुकूम झालेला प्रत्येक प्रयोग ही ती संगीतकृतीच असते. या वर्गीकरणात चित्रपटसंगीत कोठे बसते? त्याचा स्वरलेख असतो, म्हणून ते दुसऱ्या वर्गात जावे. पण प्रेक्षकाने कधी स्वरलेख ऐकलेला नसतो. त्याने एकच प्रयोग ऐकलेला असतो, चित्रपटात कायमचा गोठलेला. १९८२ च्या 'ई.टी.'च्या अखेरच्या दीर्घ प्रसंगात जॉन विल्यम्स यांना पडद्याच्या मापात वाद्यवृंद बांधणे जमेना, तेव्हा स्पीलबर्ग यांनी पडदा बंद करून त्यांना मोकळेपणी संचालन करू दिले आणि नंतर चित्रपटाची जुळणी त्या वादनाप्रमाणे बदलली. अशा ठिकाणी कृती स्वरलेखात आहे असे म्हणणे कठीण. ती त्या विशिष्ट दिवसाच्या वादनात आहे. आणि गंमत अशी, की त्याच वर्षी निघालेल्या 'ई.टी.'च्या अधिकृत ध्वनिमुद्रिकेवर हे वादन नव्हतेच. विल्यम्स यांनी ऐकण्याच्या सोयीने संगीताची पुनर्रचना करून ते वेगळे ध्वनिमुद्रित केले होते. चित्रपटासाठी वाजवलेले मूळ संगीत पुढे १९९६ मध्ये प्रकाशित झाले. मधल्या काळात रसिकाला संगीतकाराने स्वतः अधिकृत केलेला पाठ मिळाला होता. प्रेमात तो पडला होता दुसऱ्याच पाठाच्या.

ॲलेक्स नॉर्थ यांच्या '२००१ : अ स्पेस ओडिसी'च्या संगीताने हा पेच आणखी स्पष्ट होतो. कुब्रिक यांनी नॉर्थ यांच्याकडून संगीत लिहून घेतले, त्यातले बरेचसे ध्वनिमुद्रितही झाले, आणि अखेरीस चित्रपटात त्यातले काहीही न ठेवता आधीची योहान आणि रिचर्ड स्ट्राउस, लिगेटी, खाचातुरियन यांची ध्वनिमुद्रणे कायम ठेवली. नॉर्थ यांना ते १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या खेळाला गेल्यावर समजले. १९९१ मध्ये ते निवर्तले. १९९३ मध्ये जेरी गोल्डस्मिथ यांनी मित्राचे ऋण फेडावे तसे ते संगीत नव्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केले आणि 'व्हरेज साराबांद'ने ते प्रकाशित केले. नॉर्थ यांनी स्वतः वाजवून घेतलेले मूळ मोनो ध्वनिमुद्रण 'इंट्राडा' या प्रकाशनसंस्थेने २००७ मध्ये काढले. गुडमन यांच्या दृष्टीने पाहिले तर १९९३ मध्येच कृती जगापुढे आली होती. २००७ ची तबकडी हा तिचा केवळ आणखी एक प्रयोग. संग्राहकांनी मात्र तिचे स्वागत मूळ सापडल्यासारखे केले, आणि त्यांचे चुकले असे म्हणता येत नाही. नाकारला गेला तो स्वरलेख नव्हता, ते वादन होते.

या उदाहरणात आणखी एक पदर आहे. नॉर्थ यांनी या संगीतातली काही सामग्री 'द शूज ऑफ द फिशरमन' आणि १९८१ च्या 'ड्रॅगनस्लेयर'मध्ये पुन्हा उपयोगात आणली. संग्राहक ज्याला हरवलेली कलाकृती म्हणून उराशी धरतो ती निर्मात्याच्या लेखी पुन्हा वितळवून नवा दागिना घडवण्याजोगे सोने होते. 'पूर्ण' आणि 'मूळ' यांविषयीचा ध्यास हा रसिकाचा असतो. निर्मात्याचा असतोच असे नाही. अनेक संगीतकारांनी आपल्या ध्वनिमुद्रिका मुद्दाम आखूड ठेवल्या आहेत. दोन पात्रांच्या संवादाखाली अठ्ठावीस सेकंद वाजणारा एक लांबट स्वर स्वतंत्रपणे ऐकवण्याची त्यांना इच्छा नसते, आणि यात विनय नसून विवेक आहे.

तरीही साहित्याच्या अभ्यासकाने चोरट्या तबकडीकडे तुच्छतेने पाहू नये. पाठचिकित्सेची शिस्त ज्यांना ठाऊक आहे त्यांना येथे ओळखीच्या खुणा दिसतील. भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पुऱ्या केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम ज्या तत्त्वावर चालले त्यात लेखनिकांच्या चुका हाही पुरावा होता: दोन पोथ्यांत एकच चूक असेल तर त्यांचा पूर्वज एक. ध्वनिफितींनाही असेच वंश असतात. एका प्रतीत गती किंचित वाढलेली असते आणि सारे संगीत पाव स्वराने वर चढलेले असते. तिच्यावरून झालेल्या प्रत्येक प्रतीत तो चढ उतरतो. एकीत डावी-उजवी बाजू उलटलेली असते. एकीत तिसऱ्या खंडाच्या शेवटी फीत किंचित खाल्लेली असते. प्रत्येक पिढीगणिक खरखर वाढते. सत्राच्या फितीवर खंडाचा क्रमांक पुकारणारा तंत्रज्ञाचा आवाज असतो: तिसऱ्या रिळातला दुसरा खंड, चौथा प्रयत्न; मागे वादक वाद्ये जुळवत असतात. निर्मितीची प्रक्रिया ज्यांना अभ्यासायची आहे त्यांच्यासाठी कवीच्या खाडाखोडीने भरलेल्या वहीचे जे मोल, तेच या आवाजांचे. अधिकृत आवृत्तीत ते सारे पुसले जाते.

वाल्टर बेन्यामिन यांच्या सिद्धान्ताची येथे एक चमत्कारिक उलटापालट होते. यांत्रिक पुनरुत्पादनाने कलाकृतीचे तेजोवलय लोपते, असे त्यांचे म्हणणे. परंतु सर्वस्वी यांत्रिक असलेली ही नक्कल, नकलेची नक्कल, आपल्या खरखरीमुळेच वलयांकित होते. संग्राहकाला ती खरखर दोष वाटत नाही. फीत कपाटातून निसटली याची ती साक्ष असते. १९३१ च्या आपल्या ग्रंथसंग्रहाविषयीच्या निबंधात बेन्यामिन यांनी संग्राहकाला वस्तूंना उपयुक्ततेच्या जोखडातून सोडवणारा म्हटले. ग्रंथाबाबत ते पटते. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत मात्र सोडवणे आणि पुन्हा कोंडणे या एकाच कृतीच्या दोन बाजू होतात, आणि येथून नैतिक प्रश्नाचा खरा गाभा सुरू होतो.

संग्राहकाचा दुसरा, अधिक भक्कम युक्तिवाद जतनाचा आहे. ज्यांच्याकडे कायदेशीर ताबा होता त्यांनी काय केले? १९६० च्या दशकाच्या अखेरीस एमजीएम स्टुडिओने आपल्या संगीतविभागातील स्वरलेखांचा प्रचंड साठा जागा अडते म्हणून भरावात टाकला. त्यांतल्या संगीतिकांचे वाद्यवृंद पुढे जॉन विल्सन यांच्यासारख्या संगीतज्ञांना चित्रपट कानांनी पुन्हापुन्हा ऐकून नव्याने लिहावे लागले. १ जून २००८ रोजी युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात लागलेल्या आगीत मूळ ध्वनिफितींचा साठा सापडला. हानीचा आवाका जनतेपुढे आला तो २०१९ मध्ये, आणि त्याच्या प्रमाणाविषयी वाद राहिला. पुण्यात ८ जानेवारी २००३ च्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेट फितींचा ठेवा जळाला, ही जखम मराठी वाचकाला सांगावयास नको. अधिकृत ताबा म्हणजे जतन नव्हे. जुन्या चित्रपटसंगीताच्या अनेक अधिकृत आवृत्त्या खाजगी प्रतींच्या आधारे पुऱ्या झाल्या आहेत, कारण स्टुडिओकडे काही उरलेच नव्हते.

हा युक्तिवाद मान्य केला तर मात्र त्याची किंमतही मान्य करावी लागते, आणि संग्राहक नेमके तेथे थांबतो. स्मृतिकारांनी व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली त्यांत निक्षेप, अस्वामिविक्रय आणि संभूयसमुत्थान ही तीन पदे मनूच्या यादीत लागोपाठ येतात. (ज्या ग्रंथाचे महाडला १९२७ मध्ये जाहीर दहन झाले त्याचा नैतिक अधिकार येथे उगाच उभा करावयाचा नाही, उपयोग केवळ वर्गवारीच्या नेमकेपणाचा आहे.) निक्षेप म्हणजे विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवलेली वस्तू. ती जशी ठेवली तशी, मोहोर न फोडता परत करावयाची. चोराने नेली, पाण्याने वाहिली किंवा अग्नीने जळाली तर ठेव सांभाळणाऱ्याला दोष नाही. अस्वामिविक्रय म्हणजे मालक नसलेल्याने केलेली विक्री. ती रद्दबातल, आणि घेणाऱ्याने ती वस्तू एकांतात, अवेळी, हीन माणसाकडून, कमी किमतीत घेतली असेल तर याज्ञवल्क्य त्यालाही चोर ठरवतो. चोरट्या तबकडीच्या व्यवहारात या लक्षणांपैकी किंमत तेवढी उलट असते, एवढाच फरक.

प्रतिवाद असा होईल की प्रत काढल्याने मालकाची फीत कोठे जात नाही. म्हणून ठेव आणि चोरी या दोन्ही संज्ञा येथे लागू नाहीत. आक्षेप वाजवी आहे, परंतु तो जतनाच्या युक्तिवादाशी एकत्र नांदत नाही. मूळ फीत सुखरूप आहे असे म्हणावयाचे असेल तर वाचवल्याचे श्रेय घेता येणार नाही. मूळ फीत नष्ट झाली असे म्हणावयाचे असेल तर हाती उरलेली प्रत हीच आता मूळ झाली, आणि ती सांभाळणाऱ्याकडे आली ती निक्षेप म्हणून. एकाच वस्तूविषयी 'मी तिला वाचवले' आणि 'ती माझी आहे' ही दोन विधाने एका तोंडाने करता येत नाहीत. वाचवणारा हा मालक होत नाही, विश्वस्त होतो. फीत कोठून आली, कोणत्या पिढीची आहे, तिच्यात काय कमी आहे हे नोंदवून ठेवणे आणि योग्य मागणी आल्यास ती देणे ही त्याची कर्तव्ये ठरतात. प्रत्यक्षात बूटलेगच्या व्यवहाराची रचना या दोन्ही कर्तव्यांच्या विरुद्ध आहे. देणाऱ्याला जपण्यासाठी उगम लपवला जातो, म्हणजे वंशावळ पुसली जाते. आणि फीत दुर्मीळ राहावी म्हणून ती तितक्याच दुर्मीळ फितीच्या बदल्यातच दिली जाते.

या अदलाबदलीच्या वर्तुळात दुर्मिळतेचे मूल्य कसे संगीतापासून पूर्ण सुटते याचा नमुना म्हणून 'द केन म्युटिनी'च्या १९५४ च्या ध्वनिमुद्रिकेकडे पाहता येईल. एका बाजूला माक्स स्टायनर यांचे संगीत, दुसऱ्या बाजूला न्यायालयीन प्रसंगातले संवाद. मूळ कादंबरीचे लेखक हर्मन वोक यांनी संवादांच्या वापरास हरकत घेतली आणि आरसीए कंपनीने तबकडी मागे घेतली. मोजक्या प्रती बाहेर राहिल्या. चित्रपटसंगीताच्या संग्राहकांत ती पुढे सर्वाधिक हव्याशा वस्तूंपैकी एक झाली. तिच्या नकली प्रतीही निघाल्या. स्टायनर यांचे त्याहून सरस संगीत कोणत्याही दुकानात मिळत होते. (मुंबईत १९७५ च्या 'शोले'च्या संवादांची ध्वनिमुद्रिका गावोगाव वाजली; तिला कोणी हरकत घेतली असती तर आज तिचीही पूजा बांधली गेली असती.) येथे संग्रह ऐकण्यासाठी नसतो. इतरांनी ऐकलेले नाही हेच त्याचे सुख असते, आणि दुसऱ्याच्या वंचनेवर उभे असलेले सुख रसास्वादाच्या भाषेत मांडणे ही आत्मवंचना होय.

म्हणून अधिकृत आवृत्ती निघते तो दिवस संग्राहकाच्या कसोटीचा असतो. १९९० मध्ये ल्यूकस केंडल यांनी सुरू केलेल्या 'फिल्म स्कोअर मंथली' या नियतकालिकाने १९९६ पासून स्वतः जुने संगीत प्रकाशित करावयास आरंभ केला. 'इंट्राडा', 'व्हरेज साराबांद' आणि २००२ पासून 'ला-ला लँड' यांनी तो मार्ग रुंद केला. वादकांच्या संघटनेने मर्यादित प्रतींच्या आवृत्त्यांसाठी सौम्य अटी मान्य केल्याने जे हिशेबात बसत नव्हते ते बसू लागले. पंचवीस वर्षे खरखरत्या चौथ्या पिढीच्या फितीवर ऐकलेले संगीत स्वच्छ, मूळ क्रमाने, वादकांचे देणे चुकते करून समोर आले. ज्याने 'हे जगाला मिळाले पाहिजे' म्हणून फीत जपली त्याला आनंद व्हावयास हवा. आपल्या तबकडीचा भाव कोसळला म्हणून जो हळहळला त्याने आपल्या संग्रहाचे प्रयोजन स्वतःच सांगून टाकले. दोन्ही प्रकारचे लोक होते, आणि बहुधा एकाच माणसात दोघेही होते.

राहिले ते तिसरे पद. संभूयसमुत्थान म्हणजे अनेकांनी मिळून आरंभलेले कार्य. त्यात प्रत्येकाच्या वाट्याचा विचार असतो, आणि मनूने त्याचे उदाहरण घेतले आहे ते यज्ञातील ऋत्विजांच्या दक्षिणावाटपाचे. आधुनिक कायद्याने हा विचार फार सोपा करून टाकला. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यानुसार मोबदला देऊन करवून घेतलेल्या कामाचा 'कर्ता' हा करवून घेणाराच मानला जातो. म्हणजे हरमन यांच्या संगीताचा कर्ता हरमन नव्हे. भारतात १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटनिर्मात्यांच्या बाजूने निर्णय देताना गीतकार-संगीतकारांचा अधिकार असाच निर्मात्याकडे गेल्याचे मान्य केले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी वेगळी टिप्पणी जोडून कायद्यात गायकाला स्थान नसल्याची खंत नोंदवली. गीतकार-संगीतकारांना मानधनातला अविभाज्य वाटा मिळाला तो २०१२ च्या दुरुस्तीने. कर्तृत्वाची ही कायदेशीर कल्पना इतकी कृत्रिम आहे की तिच्या उल्लंघनाने सद्सद्विवेकबुद्धीला फारसा धक्का बसत नाही. संग्राहकाच्या निश्चिंत मनाचे मोठे कारण हेच असावे. परंतु मालक खोटा ठरला म्हणून वाटेकरी खोटे ठरत नाहीत.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या वळणाने आला. हिंदी-मराठी चित्रपटात ध्वनिमुद्रिका निघाली ती गाण्यांची. पार्श्वसंगीत हा स्वतंत्रपणे ऐकण्याचा विषयच मानला गेला नाही, म्हणून त्याची चोरीही विशेष झाली नाही. संग्राहकाचा ध्यास लागला तो ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर न मावलेल्या, केवळ पडद्यावर असलेल्या कडव्यांचा. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने या क्षेत्रात जे केले ते येथे मुद्दाम नोंदवण्याजोगे आहे: संग्राहकांनी एकत्र यावे, ऐकवावे, तबकड्यांचे क्रमांक आणि तपशील लिहून प्रसिद्ध करावेत. खाजगी कपाट सार्वजनिक नोंदीत उतरले की ताबा तोच राहूनही त्याचे स्वरूप बदलते.

हॉलिवूडच्या बाजूला मर्यादित आवृत्त्यांनी दरम्यान नवाच पेच उभा केला आहे. एक हजार किंवा तीन हजार प्रती निघतात, काही वेळा थोड्या दिवसांत संपतात, आणि दुय्यम बाजारात त्यांचे भाव चढतात. पूर्वी चोरट्या विक्रेत्याने निर्माण केलेली दुर्मिळता आता करारात लिहिलेली असते. ती संपलेली तबकडी कोणी उतरवून दुसऱ्याला दिली तर तो कोणत्या पदाखाली यावा, हे ठरवणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. वादकांना त्या हजार प्रतींपुरते मिळाले आहे. एक हजार एकाव्या श्रोत्याला मात्र काहीच मिळालेले नाही.

याच काळात जुन्या संग्राहकांची पिढी मावळत आहे. त्यांच्या घरी डिजिटल ध्वनिफितींच्या लहान कॅसेटी आहेत. त्या वाजवणारी यंत्रे आता बनत नाहीत, आणि फितीवरचा चुंबकीय थर वर्षागणिक कमजोर होतो आहे. पुष्कळ कॅसेटींवर चित्रपटाचे नाव नाही. देणाऱ्याला अडचण होऊ नये म्हणून ते त्या वेळी मुद्दाम लिहिले नव्हते, आठवणीत होते. वारसांच्या हाती कोऱ्या चिठ्ठीचा खोका येतो, आणि त्यात एखाद्या नाकारलेल्या संगीताची एकमेव प्रत आहे की शेजाऱ्याच्या मुलीच्या वाढदिवसाचे ध्वनिमुद्रण, हे सांगू शकणारा माणूस आता नाही.